उसवण

मेळमापणीच्या दिवशी मुद्दाम वाईट खेळायचं, असं वैदेही मगदूम आणि धनश्री हेरवाडे यांचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे त्यांचे प्रशिक्षक गोंडा सर यांनी दोघींना कोपऱ्यात घेऊन, इकडंतिकडं बघत बजावलं होतं, "आज जरा हात आखडता घ्या. खो मिळाला की लगेच उठू नका. एक श्वास जाऊ दे मधे. कळलं काय?" दोघींनी शहाण्या मुलींसारख्या माना डोलावल्या आणि मैदानावर जाऊन अगदी मन लावून वाईट खेळल्या. वैदेहीनं खो द्यायला जेवढा उशीर केला, बरोबर तेवढाच उशीर धनूनं उठायला केला. एकदा नाही, प्रत्येक वेळी. यंत्र वेग मोजत नव्हतं, मोजत होतं ते दोन शरीरांमधला मेळ. मागच्या वर्षी दोघींचा मेळांक चौऱ्याण्णव होता, संघात दुसरा; तो आता सत्त्याण्णव, संघात पहिला झाला.

"तुम्हाला साधं वाईटसुद्धा खेळता येत नाही," गोंडा सर कपाळाला हात लावून म्हणाले. सगळा संघ हसला. धनूही हसली. वैदेही तेवढी हसली नाही, कारण आता काय होणार ते तिला कळलं होतं.

इचलकरंजी धोटे हा महिलांचा खो-खो संघ. मागावर इकडून तिकडे पळणाऱ्या धोट्याचं नाव त्यांनी घेतलं होतं, आणि गावातली एक बंद पडलेली सूतगिरणी हेच त्यांचं स्टेडियम होतं. गोल छप्पर, खाली उजळणारी मॅट, आणि वर पाच हजार खुर्च्या. खेळ आपला जुनाच. दोन खांबांमधल्या पट्टीवर आठ जणी उकिडव्या बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पळणारीचा पाठलाग करते. तिला मागे वळता येत नाही, बसलेल्या रांगेतून पलीकडे जाता येत नाही. तसं करायचं तर बसलेल्या कुणाच्या तरी पाठीवर थाप मारून खो द्यायचा, मग ती उठून पळते आणि ही तिच्या जागी बसते. ज्या संघाचा खो झटपट, त्याचा खेळ झटपट. बसलेलीला मागचं काही दिसत नसतं, आणि सगळी मजा तिथंच आहे.

ही मजा खेळाडूंच्या अंगातल्या नव्या बंडीनं बदलून टाकली. माणूस उठतो त्याच्या आधी त्याचं शरीर उठायची तयारी करतं. मेंदूचा हुकूम स्नायूंपर्यंत पोचतो, स्नायूंत विजेची बारीकशी चुळबुळ होते, आणि मग पापणी लवण्याच्या आत पाय हलतो. ही चुळबुळ डोळ्यांना दिसत नाही, पण कातडीला लागून असलेल्या खास धाग्याला कळते. बंडीच्या अस्तरात असे धागे विणलेले होते. पाठलाग करणारी कुणाकडे वळायच्या बेतात आहे, हे तिचा हात उचलण्याआधीच धागे ओळखत आणि त्या खेळाडूच्या पाठीवर बंडीतला एक ठिपका हलकेच थरथरे. थाप पडेपर्यंत ती अर्धी उठलेली असे. प्रेक्षकांनाही अशा बंड्या भाड्यानं मिळत. सामना रंगात आला की पाच हजार माणसं एकदम खुर्चीत दचकत, आणि घरी जाऊन पाठ दुखते म्हणून कुरकुरत.

एवढ्यावरच थांबलं असतं तर बंडी ही नुसती गंमत ठरली असती. पण दोन-तीन हंगामांनंतर डॉक्टरांच्या लक्षात आलं की बंडी बंद केली तरी काही जोड्यांना एकमेकींची चाहूल लागतेच. बंडी रोज पाठीवर खुणावत राहिली होती, आणि शरीर तेवढ्या वेळात सोबतिणीचा श्वास, पावलांचा वजनदारपणा, मॅटचं दबणं हे सगळं शिकून बसलं होतं. बंडी मास्तरीण निघाली. धडा पाठ झाल्यावर मास्तरणीची गरज उरली नव्हती.

मग अर्थातच जुने संघ हरेनासे झाले आणि तिकिटं खपेनाशी झाली. त्यावर लीगनं जोडफोडीचा नियम काढला. दरवर्षी मेळ मोजायचा, प्रत्येक संघात ज्या दोघींचा मेळांक सगळ्यात जास्त असेल त्यांच्यातली एक चिठ्ठी टाकून दुसऱ्या संघाला द्यायची. एकमेकींशी जास्त जुळलं तर ताटातूट, असा हा न्याय. काही संघांनी तर आपल्या मुलींना एकत्र चहा प्यायलाही बंदी केली होती. गोंडा सरांना ते जमलं नाही. "खो-खोचा संघ आणि चहा वेगळा वेगळा? मग कॅरम खेळा की," ते म्हणाले होते.

चिठ्ठी धनूची निघाली. नऊ हंगाम वैदेहीच्या शेजारी बसलेली धनू भुसावळ इंजिन या संघात गेली. बस सुटताना तिनं खिडकीतून हात काढून वैदेहीच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "येतो गं." इचलकरंजीच्या मुली 'येतो'च म्हणतात.

धनूच्या जागी झोया मोमीन आली. एकोणीस वर्षांची, याच गावची, पायांत वारा भरलेला. महिनाभरात ती सगळ्या संघाशी जुळली. वैदेहीशी मात्र नाही. वैदेही खो द्यायची आणि झोया उठताना दोघींची टक्कर व्हायची. कधी खांद्याला खांदा, कधी कपाळाला कोपर. एकदा तर झोया उठायच्या आधीच वैदेही तिच्या मांडीवर बसली. पोरी पोट धरधरून हसल्या. झोयाही हसली आणि म्हणाली, "ताई, मी अजून हितंच हाय." वैदेहीनं तिची माफी मागितली, पण तिला कारण कळून चुकलं होतं. तिचं शरीर झोयाला खो देत नव्हतंच. ते धनूला खो देत होतं. धनू उठायची ती डाव्या पायावर, खांदा जरासा पाडून, आणि उठल्या उठल्या डावीकडे सरकायची. तिथं मोकळी जागा होणार, असं वैदेहीच्या पाठीला, गुडघ्यांना, सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. त्या जागेत आता झोया होती.

क्षितिज उपाध्ये हा संघाचा मेळतज्ज्ञ. सरळ मनाचा, चष्मा सारखा पुसत बोलणारा माणूस. त्यानं वैदेहीला बोलावून घेतलं.

"ताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमचा आणि झोयाचा मेळांक एक्केचाळीस आहे. साठच्या खाली असलेली जोडी संघाचे मालक सामन्याच्या बारा जणींत ठेवत नाहीत. झोयाचं बाकी सगळ्यांशी छान आहे. म्हणजे मग..."

"म्हणजे मी बाहेर."

"नाही, नाही. एक उपाय आहे. उसवण."

उसवण म्हणजे काय, ते त्यानं समजावून सांगितलं. धनूच्या खोची नऊ वर्षांची नोंद बंड्यांमध्ये होतीच. दवाखान्यात वैदेहीच्या पाठीवर तीच चाहूल पुन्हा पुन्हा द्यायची, पण खोटी. धनू येतेय असं वाटावं आणि कुणीच येऊ नये. धनू उठतेय असं वाटावं आणि कुणीच उठू नये. शरीर भोळं असतं, पण मूर्ख नसतं. काही दिवस फसलं की त्या खुणेवरचा विश्वास सोडून देतं. मग पाठ नव्या माणसाला मोकळी.

"आठवणी जात नाहीत हं," क्षितिज घाईनं म्हणाला. "तुम्हाला सगळं आठवेल. फक्त शरीर वाट बघायचं थांबेल."

वैदेही चौतिसाची होती. खो-खोत हे वय म्हणजे आजीचंच. एकदा बारा जणींतून गळली की परत कुणी विचारणार नाही, हे तिला माहीत होतं. खेळ सोडून दुसरं काही करावं असं तिला आजवर कधी वाटलंही नव्हतं. ती हो म्हणून आली.

त्याच आठवड्यात धनू सुट्टीवर आली. वैदेही तिला आणायला स्टँडवर गेली, आणि तिला पाहून इतका आनंद झाला की चालू स्कूटर तशीच सोडून धावली. धनू तशीच होती. तसंच मोठ्यानं हसणं, तीच बडबड. मागे बसली आणि स्कूटर निघाली. पहिल्याच वळणावर वैदेही डावीकडे झुकली, धनू झुकलीच नाही, आणि दोघी रस्त्याच्या कडेच्या भाजीवाल्याच्या मेथीत जाता जाता वाचल्या.

"काय गं, झोपलीस काय?" वैदेही म्हणाली.

"आधी मिसळ खाऊ, चल," धनू म्हणाली. मिसळीच्या दुकानात बसल्यावर तिनं सांगितलं.

"माझी उसवण झाली, वैदू. गेल्या गेल्याच. तिथल्यांनी सांगितलं, करारातच हाय म्हणून. मी म्हटलं, करा."

"मग?"

"मग काय. चांगली खेळायलोय. तिथल्या पोरींशी जुळलं." तिनं पावाचा तुकडा कटात बुडवला आणि तसाच ठेवला. "दुखलं नाही काही. पहिल्यांदा तू येत्यास असं वाटायचं पाठीला, मग तू यायची न्हाईस. परत वाटायचं, परत न्हाईस. चार-पाच दिवसांनी वाटायचंच बंद झालं. वाईट एवढंच वाटतंय बघ, की आता वाईट वाटत न्हाई."

 समोरची बाई तिची जिवाभावाची मैत्रीण होती, तिला सगळं आठवत होतं, वैदेहीच्या आईला गुडघ्याचं तेल आणायचंही ती विसरली नव्हती. पण उठताना दोघी एकदम उठल्या आणि एकमेकींवर आदळल्या. नऊ वर्षांत असं कधी झालं नव्हतं. धनू म्हणाली, "तू आधी." वैदेही म्हणाली, "नको, तू." आणि दोघीही ओळखपाळख नसलेल्या बायकांसारख्या थांबून राहिल्या.

निघताना धनू म्हणाली, "येते हं." भुसावळला राहून जीभ वळली होती. वैदेहीनं तिला त्यावरून चिडवलं, दोघी खूप हसल्या, आणि बस गेल्यावर वैदेही तिथल्याच बाकावर बसून रडली.

तरीही दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात गेली. जागा हवी होती, खोटं कशाला बोला. बंडी चढवली, उकिडवी बसली. पाठीवर धनू आली. तीच हलकी चाहूल, तीच तिची उतावीळ धाप. वैदेहीचे पाय आपोआप ताणले गेले. आणि कुणी नाही. पुन्हा आली, आणि कुणी नाही. दहा-पंधरा वेळा असं झाल्यावर पाय पहिल्यासारखे ताणले जाईनात. वैदेहीला ते जाणवलं. धनूची उसवण झालीच होती. वैदेहीच्या थापेवर धनू कशी उठायची हे आता धनूच्या शरीरालाही माहीत नव्हतं. ते जगात एकाच ठिकाणी उरलं होतं, आणि त्या ठिकाणी आत्ता ते खोटं पाडायचं काम चाललं होतं. तिनं बंडी काढून नर्सच्या हातात दिली आणि म्हणाली, "बास. उद्यापासून मी येत नाही."

गोंडा सरांना तिनं सरळ जाऊन सांगितलं. सर गिरणीच्या जुन्या ओसरीवर बूट वाळत घालत होते.

"सर, मी उसवून घेणार नाही. बारांत नाही बसले तर नाही."

सरांनी बूट खाली ठेवला. "तुझ्या वडलांचे माग होते ना गं? मागावर सुताचा नवा बीम चढवताना जुन्या ताण्याचे उभे धागे तोडून फेकत्यात काय?"

"न्हाई. जुन्याच्या टोकाला नव्याचं टोक बांधतात."

"मग? त्या पोरीला तू धनूचं नाव तरी सांगितलंस का कधी?"

 वैदेहीनं सांगितलं नव्हतं. झोयासमोर धनूचा विषय निघाला की ती पाणी प्यायला उठायची. आपण नव्या मुलीला सांभाळून घेतोय असं तिला वाटत होतं. खरं म्हणजे ती धनूला कुलूप लावून ठेवत होती.

संध्याकाळी सराव संपल्यावर तिनं झोयाला थांबवलं. "तुला मी सारखी धडकते, त्याचं कारण सांगते," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. डावा पाय, पडलेला खांदा, सरकणं, उसवण, सगळं. झोया मांडी घालून ऐकत होती.

"म्हंजे तुमच्या पाठीत त्या अजून हायत," ती म्हणाली.

"हायत."

"मग मला दाखवा की. मी काय भूतबीत म्हणून भिणार न्हाई." आणि जरा थांबून, "पण सगळं त्यांच्यासारखं न्हाई हां करणार मी. माझा उजवा पाय चांगला हाय. अर्धं त्यांचं, अर्धं माझं."

क्षितिजनं बंड्या उलट्या जोडून दिल्या. आजवर खो देणारीची चाहूल बसलेलीला मिळत होती. आता खो देताना वैदेहीचं शरीर ज्या हालचालीची वाट बघायचं, ती वाटच झोयाच्या पाठीवर उमटू लागली. इथं खांदा पाड. इथं सरक. झोयाला आधी गुदगुल्या झाल्या, मग राग आला, मग हळूहळू मजा यायला लागली. काही ठिकाणी ती ऐकायची, काही ठिकाणी साफ नाही म्हणायची, आणि तिथं वैदेहीला तिच्यासाठी थांबायला शिकावं लागायचं. धडकाधडकी चालूच होती. पण आता धडकल्यावर दोघी भांडायच्या, आणि भांडण ही गोष्ट टकरीपेक्षा पुष्कळ बरी. वैदेही कितीतरी दिवसांनी घरी जाताना गाणं गुणगुणली.

यादी द्यायच्या दिवशी मेळांक आला अठ्ठावन्न. क्षितिजनं चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, अठ्ठावन्नच. गोंडा सरांनी यादीत वैदेहीचं नाव लिहिलं आणि मालकांना फोनवर सांगितलं, "एक सामना बघा. न्हाई जमलं तर मीच तिला बाहेर बसवतो, आणि तिच्या शेजारी मीबी बसतो." फोन ठेवून ते वैदेहीला म्हणाले, "ऐकलंस न्हवं? एक सामना."

तो सामना नेमका भुसावळशी होता.

दुपारी गिरणी भरून गेली. भाड्याच्या बंड्या संपल्या. शेवटच्या डावात धोटे पाठलागाला होते, भुसावळची एकच पळणारी मैदानात उरली होती, ती म्हणजे धनू. ती बाद झाली तर सामना इचलकरंजीचा. टिकली तर सामना भुसावळचा, आणि वैदेहीचा कदाचित शेवटचा.

धनू छान पळत होती. नव्या संघात तिचा वेग वाढला होता. वैदेही तिच्यामागे होती, आणि तिला एक गोष्ट लख्ख कळली, की समोर पळणारी धनू तिला मुळीच वाचता येत नाहीये. ही भुसावळची धनू होती. वैदेहीला येत होती ती दुसरीच. धनूनं हुलकावणी दिली आणि रांगेतून पलीकडे निसटली. वैदेहीला वळता येणार नव्हतं. समोर झोयाची पाठ होती. तिनं थाप मारली.

"खो."

झोया डाव्या पायावर उठली, खांदा पाडला, डावीकडे सरकली, आणि तिथून उजव्या पायानं जी झेपावली ती अर्धी अगदी तिची स्वतःची. वैदेही रिकाम्या जागेत अलगद बसली. कुणाला कुणाचा धक्का लागला नाही.

धनूला निसटायला तेवढा वेळ होता. पण ती थबकली. नुसती बघत राहिली, कुठंतरी पाहिलेलं माणूस आठवावं तशी. झोयाचा हात तिच्या दंडाला लागला. पाच हजार माणसं एकदम दचकली आणि मग गिरणीचं छप्पर उडेल असा गलका झाला.

पोरींनी झोयाला उचललं. गोंडा सर खुर्चीवर बसून दोन्ही हातांनी डोळे पुसत होते आणि धूळ गेली म्हणून सांगत होते. क्षितिज धावत आला. "ताई, त्या एका खोला मेळांक साठच्या वर गेला, किती माहितेय का?" वैदेही म्हणाली, "नको सांगू. परत आम्हालाच फोडतील." आणि ती हसत राहिली, कारण तिची जागा आता तिची होती.

लोक पांगल्यावर धनू मॅटवर आली. केस विस्कटलेले, दंडावर झोयाच्या बोटांचे वळ.

"ती पोरगी ते उठणं कुणाकडनं शिकली?"

"तुझ्याकडनं."

धनूनं पट्टीवरच्या झोयाच्या जागेकडे बघितलं.  मग म्हणाली, "मी अशी उठायची?"

"अशीच. तिच्यापेक्षा बरी."

"मला येत न्हाई गं आता."

वैदेहीनं तिला खांद्याला धरून पट्टीवरच्या चौकोनात बसवलं, तोंड पलीकडे करून. दोघींच्या अंगावर बंडी नव्हती. वैदेही चार पावलं मागे गेली, पळत आली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"खो."

धनू उजव्या पायावर उठली, उशिरा उठली, आणि वैदेही तिच्यावर आदळली. दोघी मॅटवर पडल्या आणि बराच वेळ हसत तिथंच पडून राहिल्या.

"चुकलं," धनू म्हणाली.

"चुकू दे. परत बस."